मुहूर्त दहा बेचाळीसचा, ढग साडेतीन हजार फुटांवर

हे प्रकरण एका न झालेल्या उड्डाणाचं आहे. अपघात नाही, चौकशी नाही, बातमी तर नाहीच. लष्करात एकवीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या एका हेलिकॉप्टर वैमानिकाने नवरात्रातल्या एका सकाळी पुण्याहून महाबळेश्वरला जायला नकार दिला, एवढीच घटना. वैमानिकांच्या वर्गात निर्णय कसे होतात ते शिकवताना मला अपघातांचे अहवाल हवे तेवढे मिळतात. नीट दिलेल्या नकाराचा अहवाल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हा लिहून ठेवतोय. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. निवृत्तीच्या वेळी ते लेफ्टनंट कर्नल होते. वानवडीत त्यांना सगळे कर्नलसाहेबच म्हणतात. इथेही तेच चालेल.

त्या सकाळचे आकडे

प्रवासी होते पुण्यातले एक बांधकाम व्यावसायिक, त्यांच्या पत्नी, वडील आणि एक भागीदार. महाबळेश्वरजवळ नव्या प्रकल्पाचं भूमिपूजन होतं, मुहूर्त १० वाजून ४२ मिनिटांचा. शहराच्या पश्चिमेकडच्या एका खासगी हेलिपॅडवर दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर आदल्या संध्याकाळीच येऊन उभं होतं. हवेतून अंतर पंचवीसेक मिनिटांचं. साडेआठ वाजता ढगांच्या फटींतून ऊन पडत होतं आणि शेठ, म्हणजे ते व्यावसायिक, आकाशाकडे बघून म्हणाले, "चला, देवीची कृपा."

लोहगावच्या हवामान अहवालात दृश्यता ठीक होती आणि ढगांचा तळ जमिनीपासून १,५०० फुटांवर दिला होता. पंधराशे फूट म्हणजे बरंच की, असं कोणालाही वाटेल. गोम इथेच आहे. अहवालातली ढगाची उंची त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे, म्हणजे ढगाचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फुटांवर. महाबळेश्वरचं पठार ४,४०० फुटांच्या आसपास आणि पाचगणीचं टेबललँडही चार हजारांच्या वर. पुण्यावरचा थर तसाच दक्षिणेकडे पसरलेला असेल, तर उतरायची जागाच जवळजवळ हजार फूट ढगाच्या पोटात होती. त्यातही समुद्राकडून येणारा दमट वारा सह्याद्री चढताना थंड होतो. घाटमाथ्यावर ढग पुण्यापेक्षा खाली सापडण्याचीच शक्यता जास्त.

कर्नलसाहेबांनी तिकडच्या साइटवर फोन लावला. सुपरवायझर उत्साहात होता. "धुकं हाय, पण पातळ हाय साहेब. या तुम्ही."

"हेलिपॅडवर उभं राहून रस्ता कुठपर्यंत दिसतो?"

"गेटपर्यंत दिसतोय की."

"आणि गेट किती लांब?"

"असंल शंभर पावलं."

नजरेने उडायचं तर साधारण पाच किलोमीटर दिसायला हवं आणि जमीन सतत डोळ्यांखाली हवी. शंभर पावलांत काय होणार! मग भागीदारांनी विचारलं की मशीनमध्ये ढगातून जायची उपकरणं आहेत ना? होती. दोघेही वैमानिक उपकरणांवर उडवायला पात्र होते. पण उपकरणांवर ढगात चढता येतं, उतरायचं कुठे? महाबळेश्वरच्या त्या हेलिपॅडवर ढगातून सुरक्षित खाली आणणारी कुठलीही प्रमाणित पद्धत नव्हती. शेवटी ढगाला भोक सापडावं लागतं, आणि भोकाखाली डोंगर नसावा लागतो. दोन इंजिनांचा इथे काडीचा उपयोग नाही. डोंगराला किती इंजिनं आपटली याचा फरक पडत नाही.

इथपर्यंत हा हिशेब कोणताही शिकाऊ वैमानिक कागदावर करेल. म्हणून हे प्रकरण हवामानाचं नाही, असं माझं मत आहे.

कौतुकाचा दाब

शेठ स्वतः फारसं बोलले नाहीत. बोलले त्यांचे वडील, आणि तेही प्रेमाने. "अहो कर्नलसाहेब, तुम्ही सियाचीनला उडवलंय म्हणे. हा महाबळेश्वरचा डोंगर म्हणजे तुम्हाला काय!"

त्याच वेळी कंपनीच्या ऑपरेशन्स मॅनेजरचा फोन. "सर, क्लायंट जुना आहे. एकदा जाऊन तर बघा. नाही जमलं तर परत या, कोण काय म्हणणार नाही."

या दोन वाक्यांत मला पहिलं जास्त घातक वाटतं, पण आधी दुसऱ्याकडे बघू. "जाऊन बघू" हा तडजोडीसारखा दिसणारा प्रस्ताव आहे. प्रत्यक्षात काय होतं? खंबाटकी ओलांडेपर्यंत सगळं ठीक असतं. वाईच्या पुढे ढग थोडा खाली येतो, म्हणून आपणही थोडं खाली येतो. मग दरीच्या कडेने, मग दरीतून. दर मिनिटाला थोडंसंच वाईट होतं, त्यामुळे परत फिरायचा क्षण कधी आला ते कळत नाही. फिरायचं ठरवलं तेव्हा दरी अरुंद झालेली असते आणि मागचीही वाट भरून आलेली असते. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि त्याच्यासोबतचे आठ जण ज्या अपघातात गेले, त्यात यंत्र ठणठणीत होतं. वैमानिक ढगात शिरला, त्याचं दिशाभान गेलं, आणि हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं. तिथल्या तपास यंत्रणेने आणखी एक गोष्ट नोंदवली: प्रवाशाने दाब टाकल्याचा पुरावा नव्हता, वैमानिकाने तो बहुधा स्वतःच स्वतःवर ओढून घेतला होता.

दिशाभान जाणं म्हणजे घाबरणं नव्हे. बाहेर काही दिसेनासं झालं की शरीर कानातल्या तोलावर विसंबतं, आणि तो कान हळूहळू घेतलेलं वळण सरळ उड्डाण म्हणून सांगतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांची सवय नसलेल्या वीस वैमानिकांवर प्रयोग झाला होता. ढगासारखी परिस्थिती केल्यावर विमानाचा ताबा सुटेपर्यंत त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. ती विमानं होती, म्हणजे हात सोडला तरी काही काळ सरळ जाणारी. हेलिकॉप्टरला तेवढीही माया नाही.

पुणेकरांना हे दूरच्या देशातलं वाटायचं कारण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुळशी तालुक्यात पौडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळलं, त्यातले चौघं जखमी होऊन वाचले. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी बावधनजवळ दुसरं कोसळलं, त्यातले तिघंही गेले. त्यांच्या कारणमीमांसेत मी इथे जात नाही. पण सहवैमानिक पोरगा नंतर मला म्हणाला, "सर फोनवर बोलत होते तेव्हा माझ्या डोक्यात बावधनच होतं. बोललो नाही."

तो का बोलला नाही, हा वेगळा धडा आहे. हजारो तास उडवलेल्या माणसाशेजारी बसलेला तरुण वैमानिक शंका गिळतो. ती त्याला गिळावी लागू नये म्हणून कर्नलसाहेबांनी एक साधी गोष्ट केली. स्वतःचं मत सांगायच्या आधी त्यांनी त्याला विचारलं, "तू काय करशील?" पोरगा म्हणाला, "नाही जाणार, सर." मग ते प्रवाशांकडे वळले.

हा नकार कुठे शिकले

आता वडिलांच्या वाक्याकडे. सियाचीनला उडवलेल्या माणसाला महाबळेश्वरचं काय, हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. तो का चुकतो ते कळायला त्यांची कारकीर्द थोडी उलगडावी लागेल.

कोरेगाव तालुक्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातली पहिली, १९६१ ची. तिथून खडकवासल्याची एनडीए, मग देहरादून, आणि १९९९ मध्ये तोफखान्यात कमिशन. तोफखान्यातून हेलिकॉप्टरकडे जाणं तेव्हा स्वाभाविक होतं. तोफांचे गोळे कुठे पडतायत ते हवेतून बघून सांगणाऱ्या 'एअर ओपी' तुकड्या मुळात तोफखान्याच्याच. त्यातून १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. वैमानिक होण्याची जी अभियोग्यता चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात की तो दरवाजा कायमचा बंद. ते पास झाले.

प्रशिक्षण नाशिक रोडला, गांधीनगरच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. हवेत एका जागी थांबणं, म्हणजे हॉवर, हेच सगळ्यात अवघड. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे मशीन वर-खाली नेणारा दांडा, उजव्यात सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे, आजूबाजूला झुकवणारी काठी, पायांखाली नाक वळवणारी पेडल. एक हलवलं की बाकीची दोन्ही बिघडतात. शिकवणारा आधी एकेकच देतो. पोरं काठी घुसळत राहतात आणि मशीन मैदानभर नाचतं. मग एक दिवस हात आपोआप गप्प होतो. ते पुढे तिथेच शिक्षक होते, आणि त्यांच्या मते हात गप्प करणं हाच अर्धा अभ्यासक्रम.

दुसरं शिक्षण ऑटोरोटेशनचं. इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह लगेच खाली घ्यायचं, खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवायची आणि शेवटच्या क्षणी त्या साठलेल्या फिरकीवर अलगद टेकायचं. ज्या फ्रेंच 'लामा' हेलिकॉप्टरवरून आपल्या लष्कराचं 'चीता' आलं, त्याच लामावर २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक झाँ बुले १२,४४२ मीटर उंच गेला होता. तिथे इंजिन विझलं, आणि तो ते तसंच, इंजिनाविना, जमिनीपर्यंत घेऊन आला. सांगायचं कारण असं की इंजिन जाण्याला हेलिकॉप्टरवाल्याकडे उत्तर आहे, पाठ केलेलं, हाताला माहीत असलेलं. घाटात ढगात शिरण्याला तसं खात्रीचं उत्तर नाही. न शिरणं एवढंच.

चीता म्हणजे काय चीज आहे, हे जाणून घेण्यासारखं आहे. एक इंजिन, मूळ ताकद ८७० अश्वशक्ती. पण यंत्राला त्यातली ५५०च वापरू देतात, उरलेली विरळ हवेसाठी शिल्लक. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत, म्हणजे सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, सुरू झाल्यापासून सियाचीनच्या वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांचा जीव या यंत्रावर टांगलेला आहे. सर्वांत उंच चौक्यांवर एका फेरीत वीस-पंचवीस किलो नेता येतात, रॉकेलचा एखादा जेरीकॅन. हेलिपॅड टेबलाएवढे. इंजिन तिथे बंद करत नाहीत, कारण पुन्हा सुरू होईल याची हमी नसते. आणि जाताना नेहमी जोडीने जातात. एक बसलं तर दुसऱ्याने उचलायचं.

अशा ठिकाणी उडवलेला माणूस बेधडक असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिथला सगळा दिवस हिशेबाचा असतो. इंधन लिटरमध्ये नव्हे तर जवळजवळ घोटात मोजायचं, तापमान दोन अंशांनी चढलं तर वजन उतरवायचं, पहाटेच जायचं कारण दुपारी वारा उठतो.

एकदा दुपारनंतर निरोप आला. चौकीवरच्या एका जवानाला हॅपो झाला होता, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी. जोडी निघाली. हिमनदीच्या वळणावर समोरचा भाग ढगाने भरलेला दिसला आणि पुढचा लीडर परत फिरला, पाठोपाठ हेही. खाली कोणी प्रश्न विचारला नाही. नोंदीत एकच शब्द: 'वेदर'. रात्रभर नर्सिंग असिस्टंटने त्या जवानाला ऑक्सिजनवर धरून ठेवलं, पहाटे त्याला खाली आणला. तो जगला. "नसता जगला तरी निर्णय तोच होता," कर्नलसाहेब म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज सहज नसतो.

माझ्या मते प्रकरणाची किल्ली 'कोणी प्रश्न विचारला नाही' यात आहे. लष्करी वैमानिक मनाला येईल तसा उडत नाही. प्रत्येक फेरीआधी ऑथरायझेशन बुकात कोणीतरी वरिष्ठ सही करतो. वैमानिकाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडायची त्याची श्रेणी, व्हाइट, ग्रीन की मास्टर ग्रीन, यावर त्याला किती वाईट हवेत जाता येईल ते ठरलेलं असतं. म्हणजे नकार एकट्याचा नसतो. त्यावर फ्लाइट कमांडरची सावली असते, जोडीदाराची असते, डॉक्टरची असते. पुण्यातल्या हेलिपॅडवर तोच माणूस एकटा उभा होता, समोर हातात पूजेचं ताट घेतलेल्या शेठाणी. सियाचीनला धोका पत्करला तर एका जवानाचा जीव वाचायची शक्यता होती. इथे वाचणार होता तो मुहूर्त.

वडिलांना त्यांनी दिलेलं उत्तर एवढंच: "तिथेही ढगात शिरत नव्हतो, काका. आपण गाडीने निघा, मी कात्रजपर्यंतचा ट्रॅफिक विचारून देतो."

मधली वर्षं

कारकिर्दीची किंमत थोडक्यात सांगतो, कारण तेही याच माणसाचा भाग आहे. कंबर गेली, पुढे वाकून बसायचं आणि वर यंत्राची थरथर, हा हेलिकॉप्टरवाल्यांचा ठरलेला आजार. बारीक आवाज कमी ऐकू येतात. दोन्ही मुलं पुण्यात वाढली, बाप बहुतेक फोनवर. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लष्करी अधिकाऱ्यांच्या काही पत्नी जुनी चीता-चेतक हेलिकॉप्टरं बदला म्हणून त्यांच्याकडे गेल्या होत्या. कर्नलसाहेबांच्या पत्नी त्यात नव्हत्या. "मी गेले असते," त्या म्हणाल्या, "पण माझी शाळा होती, आणि यांना वाईट वाटलं असतं. चीताला नावं ठेवलेली यांना चालत नाहीत."

वीस वर्षांनंतर पेन्शन घेऊन बाहेर पडता येतं. पडले. मग चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नागरी परवान्यासाठी पुन्हा अभ्यास केला: हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र. ज्याने ढग अंगावर घेतले त्याला ढगांचे प्रकार पर्यायांतून निवडायला लावतात, याची मजा त्यांना अजून वाटते. त्यानंतर दोन वर्षं जुहूहून मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात. तिथे जायच्या आधी खोट्या केबिनमध्ये बसवून पाण्यात उलटं करतात, डोळे मिटून बाहेर यायचं. त्या कामात सगळं लिहिलेलं असतं. किती वाऱ्याला जायचं नाही, किती लाटेला नाही. ऑथरायझेशन बुकाची जागा मॅन्युअलने घेतली, इतकंच. चार्टरला, म्हणजे भाड्याच्या हेलिकॉप्टरांच्या कामाला, आल्यावर मॅन्युअल तर होतंच, पण ते आणि प्रवासी यांच्या मध्ये दुसरं कोणी उरलं नाही.

नंतर काय झालं

शेठ मंडळी नऊच्या आत गाडीने निघाली. पसरणी घाटात धुक्यामुळे रांग होती. बारा वाजून गेल्यावर पोचली. गुरुजींनी पंचांग उघडून दुपारचा मुहूर्त काढून दिला.

अडचणीची गोष्ट अशी की साडेअकराच्या सुमाराला महाबळेश्वर बऱ्यापैकी मोकळं झालं. वेण्णा लेकचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले. भागीदारांनी एक कंपनीला पाठवला, खाली फक्त प्रश्नचिन्ह. वर्गात हे सांगितलं की हमखास कोणीतरी म्हणतं, "म्हणजे थोडं थांबून जाता आलं असतं." आलं असतं. पण निर्णय साडेआठच्या माहितीवर करायचा होता आणि मुहूर्त साडेअकराचा नव्हता. बरोबर नकाराची हीच पंचाईत आहे. त्याचा पुरावा मागे राहत नाही, उलट दुपारच्या उन्हात तो भित्रेपणासारखा दिसतो. आपली वर्तमानपत्रंही 'खराब हवामानामुळे मंत्र्यांचे हेलिकॉप्टर माघारी' ही बातमी फजिती झाल्यासारखीच छापतात.

त्या क्लायंटने पुन्हा त्या कंपनीचं हेलिकॉप्टर घेतलं नाही. कंपनीने कर्नलसाहेबांना बोल लावला नाही, शाबासकीही दिली नाही. महिन्याभराने त्यांनीच एक पानभर मजकूर लिहून नेला. घाटमाथ्यावरच्या प्रत्येक हेलिपॅडची समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि लोहगावचा ढग किती असेल तर तिथे जायचं नाही, याचा सरळ तक्ता. आदल्या संध्याकाळीच क्लायंटला सांगायचं की गाडी तयार ठेवा. सहवैमानिकाचं मत आधी विचारायचं. आणि नाही ठरलं तर क्लायंटला ते कंपनीच्या ऑफिसातून कळवायचं, हेलिपॅडवरून नाही.

पहिले तीन मुद्दे मान्य झाले. चौथ्यावर ऑपरेशन्स मॅनेजरने थोडी खळखळ केली, मग तोही मान्य केला. हल्ली सकाळी सातला तोच फोन करतो. पानावर पाचवी ओळही होती: उड्डाण हवामानामुळे रद्द झालं तर वैमानिकाचे त्या फेरीचे तासांचे पैसे कापू नयेत. ती खोडलेली नाही आणि तिच्यापुढे सहीही नाही.